एकाची दोन लागली पाहिजे

या, या, सरका पुढं. उसाची चिपाडं अंगाखाली घ्या, पण चुलवाणाच्या तोंडाला कुणी बसू नका, ती माझी जागा हाय. चाळिसाच्या वर वरसं झाली मी तिथं बसून जाळ घालतोय. सिद्राम चुलवाण्या म्हणत्यात मला. कोण रं तो? मोबाईलची बत्ती बंद कर. जाळाच्या उजेडात दिसतंय तेवढं पुरे.

आधण आत्ता कुठं चढलंय. रस उकळून, मळी काढून, काहील, ही थोरली कढई, उतरायला अजून लई वेळ हाय. तवर ऐका. आन् कानानं ऐकलं म्हणून लगेच खरं मानू नका. का, ते पुढं कळंल.

भुताची पाहिजे? भुताचीच सांगतो. पण पांढऱ्या लुगड्याचं, उलट्या पायाचं भूत मला ठावं न्हाई. मी चकव्याची सांगतो. चकव्याला ना तोंड ना हात. त्याचं स्वतःचं असं काहीच न्हाई. तो तुमचे डोळे घेतो, तुमचे कान घेतो, आन् तुमच्याच घरात बसून तुम्हालाच वाट चुकवतो. असला बिनभांडवली चोर तो!

तर ऐका. हितनं वर टेकवाडी हाय. तिथं रावबा गुळव्या राहत होता. या पट्ट्यात त्याच्यासारखा गुळव्या झाला न्हाई. गुळव्याचं काम काय, म्हाईत हाय ना? काहिलीतला रस कधी पिकला ते सांगायचं. घटकाभर आधी उतरवली तर गूळ चिकट राहतो, ढेप बसत न्हाई. घटकाभर उशीर केला तर जळून काळा ठिक्कर. दोन्हीच्या मधला जो एक क्षण, तो पकडायचा. कशानं? बोटानं! बोट गार पाण्यात बुडवायचं, उकळत्या काहिलीतनं चिमूटभर पाक उचलायचा, परत पाण्यात घालायचा आन् गोळी वळायची. गोळी बोलते, म्हणायचा रावबा.

या रावबाला मुलगा न्हाई. एकच लेक, अनसा. अनसाचा नवरा पलटणीत, वरसातनं एकदा यायचा. म्हणून ती बापाकडंच राहायची. म्हाताऱ्यानं सगळी विद्या तिला दिली. परसात दगडाची चूल, वर लहान कढई, त्यात घागरभर रस. बाप सांगायचा, लेक गोळी वळायची.

काय शिकवायचा, ऐका. "अनसे," म्हणायचा, "डोळा, कान, नाक, जीभ आन् कातडं, ही आपली पाच गडीमाणसं. कामाची हाईत. पण पाची खोटं बोलतात. जाळाकडं बघून अंधारात बघितलंस तर डोळा हिरवा ठिपका दाखवतो. ठिपका कुठंच नसतो. काहिलीजवळ तासभर बसलीस तर नाक म्हणतं वास न्हाई. वास असतो. गार पाण्यातनं काढलेल्या हाताला कोमट पाणी चटका देतं. कोण गडी कधी काय खोटं बोलतो, हे ज्याला पाठ, तो गुळव्या. बाकीचे नुसते बोट पोळून घेणारे."

आन् त्या घरची एक रीत होती. दुसऱ्या कुठल्या गुळव्याची न्हाई, फक्त रावबाच्या घरची. गोळी जमली की ती लगेच सांगायची न्हाई. आधी मधलं बोट शेजारच्या बोटावर चढवायचं, असं, तिढा घालून. आन् त्या दोन टोकांच्या मधी गोळी फिरवायची, डोळे मिटून. हे घ्या हरभरे, करून बघा. अगं बाई, तू बी कर, लाजतीस काय? किती लागतात?

दोन! बघा, हरभरा एक, लागतात दोन. बोटाचं खोटं हे. रावबा म्हणायचा, हीच बरकत. एकाची दोन लागली पाहिजे, मग तोंडानं "उतरवा" म्हणायचं. त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं, त्यानं अनसाला.

पुढं रावबाला वारं लागलं. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोली जडावली, आन् ज्या बोटांवर सगळा गाव गूळ खात होता त्या बोटांवर निखारा ठेवला तरी त्याला कळंना. म्हातारा खाटंवर पडून डाव्या हातानं उजवा हात चाचपायचा. हा कुणाचा हात, म्हणायचा. लई वाईट वाटायचं बघून.

त्यानं मळवीच्या गुऱ्हाळाच्या आप्पासो मालकाला निरोप धाडला. म्हणला, माझी लेक काहील उतरवंल. माझी विद्या माझ्याबरोबर सरणावर जाऊ देऊ नका. गुऱ्हाळ म्हणजे हेच, आत्ता आपण बसलोय ते. निरोप ऐकून हितं नुसता हशा. बाई काहील उतरवणार म्हणं! कुणीतरी असं बी म्हणलं, की बाईचा हात लागला तर रस नासंल. कोण म्हणलं ते सांगतो मागनं.

मग एक दिवस काय झालं, हितला किसबा गुळव्या मळी काढताना घसरला आन् त्याचा हात कोपरापतोर उकळत्या रसात गेला. दिवस मावळायची वेळ. काहील भरलेली, खाली जाळ पेटलेला, आन् गुळव्या गेला बैलगाडीतनं दवाखान्यात. आप्पासोनं दूधवाल्याला सायकलवर पिटाळला, दुसरा गुळव्या बघ म्हणला. वर हसून म्हणला, "टेकवाडीवरनं जातोसच, तर म्हाताऱ्याच्या लेकीला सांग. काहील पिकायच्या आत आली तर तिच्या बोटानं उतरवू. न्हाई आली तर मी माझ्या अंदाजानं उतरवीन, आन् परत बाईमाणसाचं नाव माझ्या गुऱ्हाळात काढायचं न्हाई."

दूधवाल्यानं दारात सायकल न थांबवताच हे सांगितलं आन् गेला पुढच्या गावाला.

अनसा भाकरी थापत होती. तिनं हात धुतले. कंदील उचलला. रावबा खाटंवरनं जड जिभेनं म्हणला, "सडकेनं जा."

"सडकेनं अडीच तास लागतील, बा. तवर काहील गेली."

"पाणंदीत चकवा हाय."

"असू दे की! त्याला बी डोळं, कान, नाकच लागणार ना? ते तर मला पाठ हाईत."

म्हाताऱ्यानं डावा हात वर केला. दोन बोटांना तिढा घातला आन् तिला दाखवला. ती हसली आन् निघाली. ही अशी निघाली बघा, पदर खोचून, दिवस बुडाल्यावर, एकटी.

आता ती पाणंद. दोन्ही अंगाला ऊस, दोन पुरुष उंच. मधी एक गाडी जाईल एवढी वाट, खाली चिखल आन् वर चिंधीएवढं आभाळ. दिवसा बी तिथं गार लागतं. मधोमध एक पडकी विहीर, कठडा न्हाई, काही न्हाई, तोंडावर गवत. किती माणसं तिथं वाट चुकली त्याला गणती न्हाई. आमचा एक पैलवानगडी रातभर तिथल्या तिथं गरागरा फिरला आन् सकाळी त्याला लंगोटाचा रंग बी सांगता येईना. हसू नका!

अनसा पाणंदीत शिरली. शंभर पावलं गेली असंल, कंदील विझला. वारा न्हाई, काही न्हाई, फुंकर मारल्यागत विझला. डोळ्यापुढं हिरवा ठिपका नाचायला लागला. दुसरी कोण असती तर किंचाळली असती. अनसा म्हणली, हा माझ्याच डोळ्यातला. थांबली, दहा श्वास घेतले, ठिपका विरला. वर नवमीचा चंद्र होता. चालायला लागली.

पुढं चिंच लागली. मोठी चिंच, बुंध्याला ढोली. ती चिंचेला वळसा घालून पुढं गेली. थोड्या वेळानं परत चिंच. तीच ढोली! तिला वाटलं, दुसरी असंल. गेली पुढं. तिसऱ्यांदा चिंच!

आता चकव्यावर म्हातारी माणसं काय उपाय सांगतात? खाली बसायचं, पायातली वहाण उलटी करायची आन् उजाडायची वाट बघायची. बरोबर हाय. पण काहील उजाडायची वाट बघते व्हय? तिकडं रस फसफसायला लागलेला. अनसा बसली असती तर जीव वाचला असता, पण बापाचं सगळं गेलं असतं.

तिनं काय केलं? लहानपणीचा खेळ आठवला. तुम्ही बी खेळला असाल. डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट हळूच दाबायचं, म्हणजे एका चांदोबाचे दोन चांदोबा होतात. तिनं दाबलं. चंद्राचे झाले दोन. उसाच्या शेंड्याचे झाले दोन. आन् चिंच? चिंच एकच! हलंना की डुलंना!

"व्हय रं मुडद्या," अनसा म्हणली, "खरं असतं तर माझ्या डोळ्यानं त्याचं बी खोटं केलं असतं. तुझी चिंच माझ्या डोळ्याला भीतच न्हाई, म्हणजे ती डोळ्यापुढं न्हाईच."

मुडद्याला मुडद्या म्हणली, बघा! आन् वळसा न घालता सरळ चालत सुटली. बुंधा नाकापुढं आला. डोळे मिटले न्हाईत तिनं. सरळ झाडातनं गेली! ढोलीतनं आत आन् पलीकडनं भायेर. मागं वळून बघते तर चिंच न्हाईच, नुसता ऊस.

चकवा चमकला असंल. पण तो काय गप बसतोय?

आता कान. मागनं हाक आली. "अनसे!" रावबाचा आवाज. जड जिभेचा, अर्ध्या तोंडाचा, हुबेहूब. "अनसे, मला धाप लागलीय. माघारी ये. पोरी, पाणी दे."

पाय जागच्या जागी थांबले तिचे. बाप मरत असंल तर काय काहील आन् काय गूळ? वळलीच होती ती. अर्धी वळली होती. मग तिनं दोन्ही कानांत बोटं घातली, गच्च. रातकिडं बंद झालं. उसाची सळसळ बंद झाली. बापाचा आवाज मात्र तसाच. "पोरी, पाणी दे."

"कान बुजवले तरी ऐकू येतंय, म्हणजे हे कानाचं न्हाई!" ती ओरडली. "माझ्या बापाचा आवाज चोरतोस? तो आवाज बी अर्धा राहिलाय त्याचा, तेवढा तरी सोड की! लाज न्हाई वाटत?"

रडत होती ती, हे मला तिनंच सांगितलंय. रडत होती आन् शिव्या देत होती. दोन्ही एकदम. बायकांना येतं ते, आपल्याला न्हाई जमत.

पुढं गेली तर वास. गुळाचा? न्हाई हो, जळक्या गुळाचा! काळा, कडू, घशाला लागणारा. काहील जळली! गेलं सगळं! गुळव्याला जळका वास म्हणजे आईला पोराच्या रडण्यासारखं, पाय आपसूक पळतात. ती पळत सुटली. पळता पळता वास डावीकडं गेला, ती डावीकडं, वाट सोडून उसात. पानांनी हात कापले, गाल कापला.

आन् थांबली. थांबायला केवढी छाती लागते, सांगा मला. एकेक क्षण मोलाचा, आन् ही उसात उभी राहिली आन् श्वास मोजायला लागली. का? तर बाप म्हणायचा, नाकाला सवय झाली की वास मरतो. ओल्या चिखलाचा वास येत होता तो वीस श्वासांत मेला. उसाचा हिरवा वास तीस श्वासांत मेला. जळका वास पन्नास श्वास झाले तरी पहिल्यासारखा ताजा, करकरीत.

"माझं नाक दमलं," ती म्हणली, "तुझा वास दमत न्हाई. शिळं व्हायला बी खरं असावं लागतं, बाबा!"

उसातनं परत वाटंवर आली. वास गेला. सगळं गप. रातकिडं सुद्धा गप. तिला वाटलं, जिंकली.

आता ऐका हं. सरका जवळ. चकवा हरला नव्हता. तो शिकत होता. तीन वेळा त्याला कळलं की ही बाई कशानं ओळखते. डोळा दाबते, कान बुजवते, नाक दमवते. आपणच त्याला शिकवलं, हे तिच्या ध्यानात आलं न्हाई.

पाणंद संपली. समोर उजेड. गुऱ्हाळ! चुलवाणाचा जाळ, चिपाडाची गंजी, घाण्याची घरघर, माणसं. अनसानं डोळा दाबला. जाळाचे झाले दोन, माणसांची झाली दोन दोन. कान बुजवले, घरघर बंद. उभी राहून श्वास घेतले, गुळाचा वास हळूहळू मेला. पोचले, म्हणली. देवा, पोचले!

आप्पासो मालक पुढं आला. डोक्याचा पटका काढला आन् तिच्या पायाशी ठेवला. म्हणला, "चुकलो मी. ये, आई. तुझ्यावाचून काहील अडलीय." गडी बाजूला झाले, वाट दिली. कुणी हसलं न्हाई. आन् काहिलीशेजारी कोण उभा? रावबा! दोन पायांवर उभा. तोंड सरळ. उजवा हात वर करून तो बोटं हलवत होता, ही बघ म्हणून. "पोरी," तो म्हणला, खणखणीत, "माझा हात आला. ये, कडंला ये, वाकून बघ. गोळी झाली."

काय वाटलं असंल तिला! जे जे पाहिजे होतं ते सगळं एका ताटात वाढलेलं. मान पाहिजे होता, मान. बापाचा हात पाहिजे होता, हात. माणसाला जे पाहिजे असतं ते बघायला डोळे दाबत न्हाई कुणी. ती पुढं गेली. कडंला वाकली. बोट पाण्यात, बोट पाकात, परत पाण्यात. गोळी वळली. मोत्यासारखी, सुबक, एवढी सुबक गोळी तिनं जन्मात वळली नव्हती.

"सांग," बाप म्हणला, "आन् टाक पुढं पाऊल. सांग, उतरवा म्हणून."

तोंड उघडलं तिनं. पण हाताला सवय होती. बोटांनी आपसूक तिढा घातला आन् गोळी फिरवली.

एक.

परत फिरवली. डोळे मिटून फिरवली. एक! एकच गोळी, एकच लागतेय!

हे तिनं चकव्याला दाखवलंच नव्हतं. त्यानं डोळ्याचं खोटं शिकून घेतलं, कानाचं शिकलं, नाकाचं शिकलं. बोटाचं खोटं त्याला ठावं नव्हतं. त्याला वाटलं, गोळी एक हाय तर एकच लागणार. सरळ हिशेब त्याचा. माणसाचा हिशेब सरळ नसतो, हे मेलेल्याला काय कळावं?

तिनं बापाकडं बघितलं. सरळ तोंडाचा, धडधाकट बाप. तरी तिनं विचारलं. बारीक आवाजात विचारलं. "बा, किती लागल्या पाहिजेत?"

"एकच की, पोरी," तो हसून म्हणला.

संपलं. तिला माझ्यापुढं हे सांगताना परत भरून यायचं. म्हणायची, सिद्रामदादा, मी त्याला आणखी थोडं बघून घेतलं. सरळ तोंडाचा बाप परत कुठं बघायला मिळणार होता? बघितलं, आन् मग मी म्हणले, "माझा बा वाकड्या तोंडाचा हाय. त्याचा हात मेलाय. तो खाटंवर पडलाय आन् तो दोन म्हणतो. मला तोच पाहिजे! तुझा हा चांगला बाप ठेव तुझ्याजवळ!"

आन् ती गोळी तिनं त्याच्या तोंडावर मारली.

काळोख! जाळ न्हाई, गुऱ्हाळ न्हाई, माणूस न्हाई. खालनं गार वारा. ती पडक्या विहिरीच्या काठावर उभी होती. उजवं पाऊल अर्धं काठावर, अर्धं वाऱ्यावर. खाली काळं पाणी, त्यात नवमीचा चंद्र. आणखी एक पाऊल टाकलं असतं, म्हणजे रावबाची विद्या आन् रावबाची लेक दोन्ही तळाला.

ती मागं पडली, ढुंगणावर, गवतात. गवताला घट्ट धरून बसली. मग काठाची चिमूटभर ओली माती घेतली, गोळी केली, बोटांना तिढा घातला. फिरवली.

दोन.

"दोन!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की उसातनं कोल्हा पळाला. "दोन लागल्या रं! चुकतंय माझं बोट, म्हणजे मी जित्ती हाय! ये आता, काय दाखवायचं ते दाखव!"

त्यानं दाखवलं. न्हाई कशाला म्हणू? वाटंवर पाणी दाखवलं, नाग दाखवला, पायापुढं भिंत उभी केली. ती मातीची गोळी बोटांत फिरवत चालली. एक लागली की थांबायची, दोन लागल्या की पाऊल टाकायची. एक, थांब. दोन, चल. हे नवं खोटं उचलायला त्या रातीत त्याला सवडच मिळाली न्हाई. अशी त्या मळवीच्या पाणंदीतनं ती एक बाई, आंधळ्यासारखी डोळे मिटून, चकव्याच्या छाताडावर पाय देत आली.

हितं काय चाललं होतं ते मी सांगतो, मी हितंच होतो. रस पिवळा झाला होता, फेस मोठमोठा फुगत होता. आप्पासो काठाला उभा राहून घाम पुसत होता. त्याला काही कळत नव्हतं, पण ते कबूल कोण करणार? "आता उतरवू या," म्हणला. चार गड्यांनी काहिलीला दांडं लावलं.

तेवढ्यात उसातनं ही आली. केस सुटलेले, गाल कापलेला, पाय चिखलानं भरलेले, एका हाताची मूठ घट्ट आवळलेली. आप्पासो खेकसला, "आता आलीस व्हय? हीच का वेळ? आन् हे काय ध्यान! हो बाजूला!"

आन् ही हसली. खदाखदा हसली! आम्हाला वाटलं, खूळ लागलं. मागनं तिनं सांगितलं. म्हणली, पटका पायावर ठेवणारा आप्पासो बघून आले होते, मालक खेकसले तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हणलं, हे खरं गुऱ्हाळ.

"दांडं काढा," ती म्हणली.

"काय?"

"दांडं काढा म्हणते! पिकलं न्हाई अजून."

गडी आप्पासोकडं बघायला लागले. तिनं कुणाची वाट बघितली न्हाई. बोट पाण्यात, बोट पाकात. गोळी वळली, टाकली. मऊ. आणखी थांबली. माझ्याकडं बघून म्हणली, "जाळ कमी करा, दादा." मी केला. का केला? ठावं न्हाई. आवाजच तसा होता. परत बोट पाण्यात, पाकात. गोळी वळली. बोटांना तिढा घातला. डोळे मिटले.

"उतरवा!"

काहील उतरली. पाक गार करायच्या वाफ्यात ओतली. सकाळी ढेप निघाली ती हळदीसारखी पिवळी, फोडली तर खडीसाखरेसारखी कणीदार. आप्पासोनं तुकडा तोंडात टाकला. लई वेळ चघळला. आन् म्हणला, "बरं हाय." या माणसानं रावबाला बी कधी याच्यापेक्षा जास्त म्हणलं नव्हतं.

ती ढेपेचा तुकडा पदरात बांधून घरी गेली. रावबा रातभर जागा होता. तिनं त्याच्या डाव्या हातात तुकडा दिला. त्यानं तो खाल्ला न्हाई. आधी विचारलं, "किती लागल्या?"

"दोन," ती म्हणली.

म्हातारा अर्ध्या तोंडानं हसला. पूर्ण तोंडानं हसणारा कुणी त्याच्याएवढं हसला नसंल.

आन् रस नासंल असं कोण म्हणलं होतं, सांगतो म्हणलो होतो ना? मी म्हणलो होतो. हा सिद्राम. याच जागेवर बसून म्हणलो होतो, आन् सगळे हसले होते. चाळीस वरसं तिच्या काहिलीखाली जाळ घालून फेडतोय, अजून फिटलं न्हाई.

ती? हाय की! ती तिकडं काहिलीच्या काठाला पाटावर बसलीय, ती म्हातारी कोण वाटली तुम्हाला? अनसाक्काच ती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आता तिला ना जाळ दिसत ना चंद्र. मी एकदा म्हणलो, आक्का, डोळे गेले, आता बस कर. मला म्हणली, पाचातला एक गडी खोटं बोलायचा थांबला, तेवढाच ताप कमी.

तर आता सांगतो ते गाठीला बांधा. जाताना सडकेनं जा. अडीच तास लागू देत, नाहीतर हितंच चिपाडावर झोपा, पण रात्रीच्या पाणंदीत पाऊल टाकू नका. ती अजून जाते त्या वाटेनं, एकटी, काठी बी न घेता. तुम्हाला वाटंल आपण बी जाऊ. नगा! तिनं एवढी वरसं जाऊन जाऊन त्याला बरंच शिकवून ठेवलंय, आन् तो शिकतो. तुमच्या बोटांचं खोटं आता त्याला ठावं असंल. मग आक्का आता त्याला कशानं ओळखते, ते मी विचारलंय. ती म्हणते, ते मी कुणाला दाखवणार न्हाई, सिद्रामदादा, तो ऐकत असतो.

गप! गप बसा. बघा, बोट पाण्यात घातलं तिनं.

डोळे कशाला मिटते म्हणून विचारतोस? अरे, सवय. थांब, ऐक.

"उतरवा!"

ऐकलंत? उठा मग! दांडं लावा काहिलीला!